शेवटच्या गल्लीतला फुगा

विज्ञानाचा उगम माणसाच्या जिज्ञासेत आहे, हे वाक्य मी दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो आणि मुलं ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. आमच्या गावापुरतं ते खोटं आहे. आमच्या गावात विज्ञानाचा उगम नळात आहे, आणि तोही नळाला पाणी नसताना.

गाव डोणगावच्या थोडं अलीकडे. नाव सांगत नाही. सांगितलं तर ग्रामपंचायत नाराज होईल, आणि ग्रामपंचायत नाराज झाली की पहिला परिणाम नळावर होतो. तसा नळ आमच्याकडे आठ-नऊ दिवसांनी येतो. कधी पहाटे, कधी भर दुपारी, एकदा तर सरपंचांच्या मुलीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना आला आणि अर्धं वऱ्हाड अक्षता तशाच मुठीत धरून घरी पळालं. सांगून तो येत नाही. मात्र येण्याआधी खाकरतो. पाईपात कोंडलेली हवा आधी बाहेर पडते, तोटी शू-शू करते, दोनदा थुंकते, आणि मग पाणी. ज्याला ती फुसफुस वेळेवर ऐकू आली त्यानं पाणी ओढायला टिल्लू मोटर लावायची. ज्याला ऐकू आली नाही त्यानं पुढचा आठवडाभर शेजाऱ्यांशी गोड बोलायचं.

मी राहतो ती गल्ली पाईपलाईनच्या अगदी शेवटी आहे. तिला गावात ‘टेल’ म्हणतात. घर बांधलं तेव्हा मला वाटलं होतं, शेवटची गल्ली म्हणजे शांतता. शांतता आहे. नळसुद्धा शांतच असतो.

तर याच गल्लीतली प्रतीक्षा माझ्या वर्गात. मुलगी हुशार, पण महिन्यातून सात-आठ दिवस गैरहजर. पहिली घटक चाचणी बुडाली, दुसरी अर्धी बुडाली. अर्धी म्हणजे पेपर सुरू असताना तिची आई छायाबाई खिडकीतून “प्रती, नळ!” एवढंच म्हणाली आणि पोरगी पेपर टाकून गेली. वर्गशिक्षक या नात्यानं मी छायाबाईंना शाळेत बोलावलं. आवाजात शक्य तेवढं गांभीर्य आणलं.

“छायाबाई, अशानं पोरीचं वर्ष जाईल. तिला घरी का ठेवता?”

“मी काऊन ठेवीन सर? नळ ठेवते.”

“म्हणजे?”

“तुम्ही आमच्याच गल्लीत राहता, अन् मलेच इचारता? मी अंगणवाडीत, तिचे बाबा भाजी घेऊन बाजाराच्या गावी. नळापाशी कोण बसन? परीक्षा सांगून येते सर. नळ येते का सांगून?”

आमच्या घरी नळापाशी माझी पत्नी जयमाला बसते, म्हणून तर मला विज्ञान शिकवायला वेळ मिळतो. ही गोष्ट तिनं मला अनेकदा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी मी ती नव्यानं ऐकल्याचा चेहरा केला आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रतीक्षा शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “सर, नळानंच शाळेत फोन केला तं?”

मला वाटलं, पोरगी मस्करी करते आहे. पण तिच्या मागे धम्मदीप उभा होता. धम्मदीप म्हणजे आमच्या पोस्टमन किसनरावांचा मुलगा. बिघडलेली वस्तू दिसली की या पोराचे डोळे, दुसऱ्या पोरांचे जिलेबी बघून चमकतात तसे चमकतात. शाळेची घंटा त्यानं एकदा इतकी मनापासून दुरुस्त केली होती की ती दिवसभर थांबेना.

दोघांनी केलं ते असं. नळाच्या तोटीला वाढदिवसाचा फुगा बांधला. हवा आली की फुगा फुगायचा, फुगला की वरची पत्र्याची पट्टी उचलायचा, पट्टी उचलली की जुन्या बटणांच्या मोबाईलला जोडलेली तार टेकायची आणि मोबाईल फोन लावायचा. फोन कोणाला? शाळेत मुलांना मोबाईल आणायला बंदी. म्हणून मला. अशा तऱ्हेनं त्या यंत्राचा एक भाग मीही झालो. मला कोणी विचारलं नाही.

पण यंत्र चाललं, हे कबूल केलं पाहिजे. पुढच्या नळाला मी वर्गात उत्सर्जन संस्था शिकवत असताना खिशातला फोन थरथरला. मी म्हणालो, “प्रतीक्षा, नळ.” पोरगी धावत गेली, घरची मोटर लावली, जाता जाता गल्लीतल्या चार दारांवर थापा मारल्या आणि पुढच्या तासाला ओल्या पायांनी येऊन बाकावर बसली. त्यानंतर सहामाहीपर्यंत तिची एकही चाचणी बुडाली नाही. गणितात तर तिनं वर्गात दुसरा नंबर काढला. छायाबाईंनी घरी येऊन जयमालेला मेथीची जुडी दिली. गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. चांगल्या गोष्टी गल्लीतच संपाव्यात, असं माझं आता मत झालं आहे.

पण मुख्याध्यापकांनी ते यंत्र पाहिलं. त्यांनी त्याला ‘स्मार्ट वॉटर अरायव्हल इंटिमेशन सिस्टिम’ असं नाव दिलं आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनात नोंदवून टाकलं. मुलं त्याला फुगाच म्हणत. गावही फुगाच म्हणू लागलं.

गल्लीत बातमी पसरताच सल्ले सुरू झाले. शेजारचे हिंमतराव एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाले, तरी त्यांचं बोलणं अजून भोंग्यातून आल्यासारखं येतं आणि ते ऐकायला गल्ली थांबते. ते म्हणाले, “सर, लाल फुगा नका लावू. साहेब लोकायले लाल रंग पाहून वाटते, हे आंदोलनवाले आले.” समोरच्या पुष्पाबाई म्हणाल्या, फुग्याला आधी काळा दोरा बांधा. आणि गावात पाणी सोडणारा कडूबा संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी त्यानं दोन्ही गुडघ्यांवर आडवी ठेवली होती.

कडूबा म्हणजे आमच्या गावातली खरी सत्ता. नळ कधी येणार हे गावात फक्त त्याला माहीत. त्यामुळे त्याला हॉटेलात चहा आग्रहानं मिळतो, लग्नात पहिल्या पंगतीत जागा मिळते. ज्याच्या घरी त्याचा पाहुणचार नीट होतो त्याच्या कानात तो आदल्या रात्री कुजबुजतो.

“सर,” तो म्हणाला, “माह्या पोटावर काऊन पाय देता?”

“अरे, पोरांचा प्रयोग आहे.”

“पोट्ट्यायच्या प्रयोगानं मले कालपासून कोणं चहा नाही पाजला. म्हणते, आता आमचा फुगा सांगन.”

जयमालेनं त्याला चहा दिला. तो पिऊन त्यानं हळूच सांगितलं, उद्या दुपारी. मी ऐकून घेतलं. संशोधकानं कोणताही स्रोत नाकारू नये.

बुलढाण्याच्या प्रदर्शनात एक अडचण निघाली, जी आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती. नळ दाखवायला नळ लागतो. मुलांनी फळीवर तोटी बसवून मागे रबरी नळी जोडली होती, पण तिच्यात हवा कुठून येणार? सायकलचा पंप आणला होता, त्याचा वायसर प्रवासात फाटला. परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले होते. प्रतीक्षानं माझ्याकडे पाहिलं. धम्मदीपनं टेबलावरची चादर उचलली. मी बी.एस्सी., बी.एड. आहे. डोक्याचे केस गेले आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी टेबलाखाली शिरलो आणि नळी तोंडात धरली.

फुगा उत्तम फुगला, फोन वाजला, टाळ्या पडल्या. पण त्याच वेळी उद्घाटनाचे मुख्य पाहुणे तिथं पोचले आणि त्यांना आमच्याच टेबलासमोर ‘ग्रामीण प्रतिभा’ या विषयावर बोलायची स्फूर्ती झाली. ते बरंच बोलले. फुगा मध्येच बसू नये म्हणून मला फुंकत राहावं लागलं. भाषणात ते म्हणाले, “या मुलांच्या पाठीशी खंबीरपणे उभा राहणारा शिक्षक मला कुठे दिसत नाही, ही खेदाची बाब आहे.” मी त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर होतो.

पहिला नंबर आला. राज्यातही आला, तिथं पंप चालला. आणि मग ते पत्र आलं, की व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यासाठी निवड झाली आहे. जाण्या-येण्याचं आयोजक बघतील, फक्त समस्या खरी असल्याचा स्थानिक प्रशासनाचा दाखला जोडावा. म्हणजे गावात पाणी रोज येत नाही, एवढं कोणीतरी शिक्का मारून सांगायचं होतं.

मला वाटलं, याहून सोपा दाखला जगात नसेल. ग्रामसेवकांनी मला बसायला खुर्ची दिली आणि एक फाईल उघडली.

“सर, कागदावर पाणी रोज आहे.”

“पण येत नाही.”

“येत नाही ते वेगळं. आहे ते रोजच आहे. आता तुमच्या मुलांसाठी मी ते बंद कसं करू? बंद केलं तर वरून विचारतील, इतकी वर्षं रोज कसं होतं? तुम्हाला हवं तर पाणी रोज, स्वच्छ आणि मुबलक येतं असा दाखला आत्ता देतो. शिक्क्यासकट.”

“तो दाखला जोडला तर मुलं खोटारडी ठरतील.”

“नाही जोडला तर मी ठरतो.” त्यांच्या या म्हणण्यात तथ्य होतं. आम्ही दोघंही थोडा वेळ पंख्याकडे पाहत बसलो. पंखा बंद होता.

त्यानंतर मी त्या कार्यालयात इतक्या वेळा गेलो की तिथला शिपाई मला पाहिल्यावर उठून पाणी देऊ लागला. ते पाणी जारचं होतं. तालुक्याला गेलो, तिथं म्हणाले हे ग्रामपंचायतीचं काम. हिंमतराव म्हणाले, “सर, सरळ कोरड्या नळाचा फोटो पाठवा ना. फोटोले शिक्का कायले पायजे?” पाठवला. आयोजकांचं उत्तर आलं, फोटोवरून नळ बंद आहे की पाणी येत नाही हे ठरवता येत नाही. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. मुलं रोज विचारत, “सर, झालं का?” प्रतीक्षा मात्र विचारत नसे, नुसती दारातून पाहून जात असे. शेवटी ग्रामसेवकांना एका दुपारी शब्द सुचले आणि त्यांनी स्वतः फोन करून मला बोलावलं. दाखल्यात लिहिलं होतं: ‘गावचा पाणीपुरवठा नियमित असून त्याची वेळ अनिश्चित आहे.’ हे वाक्य इंग्रजीत करताना मला घाम फुटला. पण आयोजकांनी ते स्वीकारलं. बहुधा त्यांना ते तत्त्वज्ञान वाटलं.

व्हिएन्नाबद्दल लोक मला फार विचारतात. मी तिथं मुख्यतः नळ पाहिले. मेळ्याच्या नियमात लिहिलं होतं, यंत्र सभागृहातल्या खऱ्या नळावर चालवून दाखवावं. खरा नळ होता. त्याला पाणी होतं. तोटी फिरवली की यायचं, रात्री, सकाळी, कधीही यायचं. आमचं यंत्र पाणी येण्याआधीची हवा ओळखतं, आणि त्या नळात हवा शिरायला पाणी कधी गेलंच नव्हतं. मी आयोजकांना नम्रपणे विचारलं, एखादा कोरडा नळ मिळेल का? त्यांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली की मला ‘दुरुस्त नळ’ म्हणायचं नाही ना. मग त्यांनी एक माणूस बोलावला. त्या माणसानं दुसरा बोलावला. इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तो कोणी कधी बंद केलेला नव्हता. मला त्या क्षणी कडूबाची तीव्र आठवण झाली. हा माणूस इथं असता तर एका तासात त्यानं सगळ्या शहराला चहा पाजायला लावला असता.

पंप विमानात सामानाबरोबर गेला होता आणि सामान दुसऱ्याच देशात उतरलं होतं. परीक्षक समोर उभे. यावेळी टेबलाखाली लपायची सोय नव्हती, नियमात ते बसत नव्हतं. तेव्हा प्रतीक्षानंच त्यांना सांगितलं, “हे आमचे सर. आत्ता हे आमच्या गावची पाईपलाईन आहेत.” मी सगळ्यांच्या देखत नळी तोंडात धरली आणि फुंकलो. बावीस देशांच्या मुलांसमोर मी काही मिनिटं भारताचा ग्रामीण पाणीपुरवठा होतो. मध्ये दम लागून थांबलो, तर धम्मदीप परीक्षकांना म्हणाला, “असंच होते, मधीमधी थांबते.” त्यांनी ते टिपून घेतलं.

परीक्षकांत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी विचारलं, “पण मुलांनो, तुम्ही पाणी रोज येईल असं काहीतरी का नाही केलं?”

इंग्रजी उत्तरं मी पाठ करून घेतली होती, त्यात हे नव्हतं. प्रतीक्षा तिच्या इंग्रजीत म्हणाली, “मॅडम, पाणी आणणं आमच्या हातात नाही. पाणी आलं हे कळणं आमच्या हातात आहे. कळलं की मी शाळेत बसू शकते.”

बाईंनी समोरचा पाण्याचा पेला उगाचच थोडा बाजूला सरकवला. आमच्या गटात मुलांना तिसरं पारितोषिक मिळालं. पदक गळ्यात आल्यावर प्रतीक्षा रडली आणि धम्मदीपनं ते दाताखाली धरून पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले होते. त्यात फुंकण्याचा भाग किती आणि अभिमानाचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

गावात आलो तेव्हा वेशीवर बोर्ड लागला होता: ‘जगात गाजला आमच्या गावचा फुगा!’ त्यावर सरपंच, उपसरपंच, संस्थेचे अध्यक्ष आणि बाजार समितीचे माजी संचालक यांचे फोटो होते. मुलांचे फोटो खाली कोपऱ्यात, पदकाएवढे. माझा नव्हता. जागा संपली होती म्हणे.

हिंमतरावांनी ओट्यावरूनच विचारलं, “तिसरा? मंग पयला-दुसरा कोणाचा आला सर?”

“पहिला कोरियाचा, दुसरा ब्राझीलचा.”

“त्याइच्या इथं नळ किती दिवसायनं येते?”

“रोज येतो.”

“तेच म्हणतो मी. पोट्ट्यायले घरी काम नसन तं नंबर येणारच.”

सत्काराच्या सभेत सरपंचांनी घोषणा केली. पाईपलाईन बदलण्याचं काम पुढच्या वर्षावर टाकून यंदा ग्रामपंचायत प्रत्येक घराला एक यंत्र देणार. योजनेचं नाव ‘घर तिथे फुगा’. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. मंचावर बसलेल्या माणसाला टाळ्या वाजवाव्याच लागतात, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. यंत्रं बसवण्याचं काम कडूबाला मिळालं. तो आता व्हॉल्व्हच्या चावीबरोबर पाठीवर फुग्यांची पिशवी घेऊन फिरू लागला आणि पहिल्याहून जास्त चहा पिऊ लागला. माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, तुमच्याकडं दोन बसवू का? एक मॅडमच्या नावानं.”

मग योजनेनंतरचा पहिला नळ आला.

मी वर्गात होतो. माझा फोन वाजला. शेजारच्या वर्गातल्या सरांचा वाजला. मुख्याध्यापकांचा वाजला. बाहेर रस्त्यावर, हॉटेलात, बँकेच्या रांगेत, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या माणसाच्या खिशात, साऱ्या गावाचे फोन एकाच दमात वाजले. मग काही क्षण नुसते पळणाऱ्या चपलांचे आवाज. त्यानंतर गावातल्या यच्चयावत टिल्लू मोटरी एकदम सुरू झाल्या आणि लगेच बाजारपेठेच्या बाजूनं असा आवाज झाला की आठवीची मुलं बाकाखाली बसली. विजेची डीपी उडाली होती.

वायरमन खांबावर चढण्याआधी मला शोधत शाळेत आला. “तुम्ही पोट्ट्यायले शिकवता तरी काय सर?” एवढंच विचारून गेला. वीज गेल्यावर मोटरी बंद पडल्या, पण टाकीजवळच्या वरच्या गल्ल्यांना उतारानं पाणी मिळालं. आमच्यापर्यंत काहीच आलं नाही. हवा मात्र आली. आमचा फुगा छान फुगला होता.

मला वाटलं, डीपी मोठी बसली की ठीक होईल. डीपी मोठी बसली, आणि जास्तच बिघडलं. आता वरच्या साऱ्या मोटरी पहिल्या सेकंदापासून ओढायच्या. आधी निम्म्या गावाला नळ आल्याचा पत्ताच लागायचा नाही. कोणी झोपेत, कोणी शेतात, कोणी टीव्हीसमोर. त्यांच्या गाफीलपणावर आमच्या गल्लीची पाण्याची कोठी भरत होती. तो गाफीलपणा आम्ही विज्ञानानं संपवला. आता आमच्याकडे यायची ती फक्त पुढची हवा. फुगा फुगायचा, माझा फोन वाजायचा, मी म्हणायचो “प्रतीक्षा, नळ,” पोरगी धावत जायची आणि थोड्या वेळानं परत यायची. पाय कोरडे.

तीनदा असं झाल्यावर मी तिला म्हणालो, “यंत्रात काही दोष असेल.”

“दोष नाही सर,” ती म्हणाली. “फुगा खरं बोलून राह्यला. हवा आली म्हणते, हवाच येते.”

“मग काही सुधारणा करता येईल का?”

“मी अन् धम्मदीपनं केली. आता हवा येगळी कळते अन् पाणी येगळं कळते.” ती म्हणाली. “पाणी आल्याचा फोन अजून एकदाही नाही आला.”

मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, “सर, तुमच्या गल्लीला यंत्र दिलं आहे, यंत्र चालू आहे, फोन येतो. तक्रार नेमकी कशाबद्दल लिहू?” मी म्हणालो, पाण्याबद्दल. ते म्हणाले, पाणी कागदावर रोज आहे. आम्ही पंख्याकडे पाहिलं. यावेळी तो चालू होता.

छायाबाई मात्र नुसती बोलून थांबणारी बाई नाही. गल्लीतल्या बायकांना घेऊन ती रिकाम्या गुंड-कळशांसकट ग्रामपंचायतीसमोर बसली. जयमालाही बसली. मी शाळेत होतो, असं मी सर्वांना सांगतो. दुपारपर्यंत टँकर मंजूर झाला. आठवड्यातून एकदा येईल, दिवस नक्की नाही, वेळ नक्की नाही, आणि समोर माणूस उभा नसेल त्या घराच्या ड्रममध्ये पाणी सोडणार नाही, अशी ड्रायव्हरची अट. गल्लीनं आनंदानं मान्य केली. छायाबाई अंगणवाडीत, नवरा बाजाराच्या गावी. ड्रमापाशी कोण उभं राहणार, हे घरात कोणी ठरवायला बसलं नाही. ते ठरलेलंच होतं.

पुढच्या चाचणीला प्रतीक्षा नव्हती. मी संध्याकाळी तिच्या घरासमोरून जाताना तिला हटकलं. ती रिकाम्या ड्रमवर विज्ञानाचं पुस्तक ठेवून वाचत होती.

“दुसरं काही यंत्र सुचतं का ग?” मी विचारलं. शिक्षकाला असे प्रश्न विचारायची सवय असते.

“टँकरले फुगा कुठं बांधू सर?” ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता. मला राग असता तर बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात बुलढाण्याला जिल्ह्याच्या वतीनं गुणवंतांचा गौरव सोहळा झाला. मोठे अधिकारी, मोठा मंच, मागे मोठा पडदा. त्यावर फुग्याचा फोटो. मला शाल मिळाली. या साऱ्या प्रकरणात मला मिळालेली ही पहिलीच वस्तू, म्हणून मी ती अंगावरच ठेवली, ऊन असूनही. धम्मदीप वडिलांबरोबर आला होता, नवा शर्ट घालून. निवेदिकेनं पाणी या विषयावरच्या दोन चारोळ्या म्हटल्या आणि “शिक्षणासाठी पाण्यावर मात करणारी आपल्या जिल्ह्याची कन्या” असं म्हणून प्रतीक्षाचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. परत पुकारलं. मग मुख्य पाहुणे माईकवरून मलाच म्हणाले, “सर, कुठे आहे आपली वैज्ञानिक?”

त्या दिवशी टँकर येणार असल्याचं गल्लीत कळलं होतं. तो आला नाही.